अक्काचा मुका कॉम्प्युटर

‘बोलला,’ अक्का म्हणाली. ‘तू ऑफिसला गेलास आणि पाचच मिनिटांत बोलला.’

मी अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात मी नकाशे काढायला आहे. त्या दिवशी मंगळवार पेठेत पाइप फुटला होता आणि दिवसभर उन्हात उभं राहून डोकं तापलं होतं. तरी ‘बोलला’ म्हटल्यावर पिशवी तिथंच टाकली आणि तिच्या खोलीत गेलो. कॉम्प्युटर बंद होता. सवयीनं एक बटण दाबलं तर एकदम बोलायला लागला, मधे लाइट गेली, आल्यावर पुन्हा चालू केला तर पुन्हा बोलला, तासभर काम केलं आणि मग रीतसर बंद करून ठेवला, असं तिनं क्रमवार सांगितलं. मी हॉलमधून मॉनिटर उचलून आणला, मागं केबल जोडली आणि कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर सगळं व्यवस्थित आलं. बाण हलत होता, खिडक्या उघडत होत्या, स्पीकरचा हिरवा दिवाही लागला होता. आवाज मात्र नाही. अर्धा तास मी हे उघड, ते बंद कर, असं करत बसलो.

‘कुठं बोलतोय?’ मी म्हटलं.

‘दुपारी बोलत होता.’

‘आता तर नाही.’

‘आता नाही,’ ती म्हणाली, आणि की-बोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

ही गोष्ट दहा-अकरा वर्षांपूर्वीची, कराडची. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण शशिकला, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. सोळा वर्षं तिनं हायस्कूलात विज्ञान शिकवलं. डुबल बाई म्हटलं की निम्मं कराड ओळखायचं, आणि ओळखायचं म्हणजे थोडं घाबरूनच. मग काचबिंदूनं तिचे डोळे हळूहळू गेले. वर्गात कोण हात वर करतंय ते दिसेना, तेव्हा तिनं कुणाच्याही सांगण्याची वाट न बघता राजीनामा दिला. लग्न केलेलं नव्हतं. आमच्याकडं येऊन राहिली त्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती. पहिली दोन वर्षं ती नुसती बसून होती. तिसऱ्या वर्षी कोल्हापूरच्या एका अंधांच्या प्रशिक्षण केंद्रात तीन महिने राहून बोलता कॉम्प्युटर शिकून आली, आणि माणसात आली.

बोलता म्हणजे त्यात एक प्रोग्रॅम असतो, तो पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा आवाज, पण तिला सवय झाली होती. तिला पडद्याची गरजच नव्हती. तिचा कॉम्प्युटर म्हणजे सीपीयूचा डबा, की-बोर्ड आणि दोन स्पीकर. घरात मॉनिटर एकच, तो हॉलमध्ये माझ्या कॉम्प्युटरला.

त्या मार्चमध्ये केंद्राकडून पत्र आलं. त्यांना तिथं शिकवायला माणूस हवा होता, शक्यतो स्वतः अंध असलेला. अट एकच: केंद्रातले सगळे कॉम्प्युटर आता विंडोज सोडून लिनक्स या दुसऱ्या, फुकटच्या प्रणालीवर गेले आहेत, तेव्हा लिनक्सवर अर्ध्या तासाचा नमुना पाठ द्यावा लागेल. तारीख तीन आठवड्यांनंतरची. मी पत्र वाचून दाखवलं तर तिनं ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, ‘दिगू, मला पुन्हा वर्गावर उभं राहायचंय.’ पाच वर्षांत तिनं माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. एवढं एकच मागितलं.

आमच्या गल्लीत कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला की ‘दिगूला बोलवा’ व्हायचं, त्यामुळं मला जरा शिंगं फुटलेली होती. त्यात काय, एका रविवारचं काम, असं म्हणून मी तिच्या कॉम्प्युटरवरची जुनी विंडोज पार पुसून टाकली. तिची टिपणं तेवढी बाजूला काढून ठेवली. जुनं ठेवून शेजारी नवं टाकता आलं असतं, पण तेवढा धीर कुणाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लिनक्स बसलं, झकास चाललं, फक्त बोलेना. सोमवार, मंगळवार, बुधवार मी रोज संध्याकाळी मॉनिटरसमोर मान मोडून बसलो. इंटरनेटवर लोक सांगतील ते सगळे उपाय केले. घोडं कुठं पेंड खातंय ते काही कळेना. गुरुवारी सकाळी एका शेजाऱ्याच्या घराचा प्लॅन काढून द्यायचा होता म्हणून मॉनिटर हॉलमध्ये नेला, घाईत तिचा कॉम्प्युटर चालूच ठेवून ऑफिसला गेलो. आणि संध्याकाळी आलो तर हे, बोलला म्हणून.

त्या रात्री मी मॉनिटर तिच्याच खोलीत ठेवला. म्हटलं, उद्या दिवसभर चालू ठेव, बोलला की वेळ सांग, म्हणजे मला पडद्यावरच्या नोंदी बघता येतील. शुक्रवारी संध्याकाळी आलो. दिवसभरात एक अक्षर बोलला नव्हता. ते तिनंच सांगितलं, काही न लपवता.

कशाला खोटं बोलू, मला तेव्हा बरंच वाटलं. म्हणजे माझं चुकत नव्हतं. मी तिला समजावणीच्या सुरात सांगितलं की काल शेजारी रेडिओ लागला असेल, नाहीतर तुझ्या मोबाइलचा आवाज असेल. ती म्हणाली, तासभर मी पत्र लिहिलं त्यावर, रेडिओवर कुणी पत्र लिहितं का. मग ते पत्र कुठं आहे, असं मी विचारलं आणि शोधायला लागलो. सापडेना. मी ज्या ठिकाणी शोधत होतो तिथं ते नव्हतं एवढाच त्याचा अर्थ होता, पण मी वेगळा काढला.

‘अक्का,’ मी म्हटलं, ‘होतं असं. माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली की भास होतात.’

तिनं तोंड खिडकीकडं वळवलं. मी मॉनिटर उचलला, हॉलमध्ये नेऊन ठेवला आणि जाहीर केलं की पुरे झालं हे लिनक्सचं खूळ, मी परत विंडोज टाकून देतो. सीडी मसूरच्या एका मित्राकडं होती, तो पुढच्या शनिवारी येणार होता. म्हणजे रविवारी काम होऊन जाईल.

माझी बायको रोहिणी तेव्हा बालवाडीवर होती. अकराला जायची, दोनला यायची. ती पोळ्या लाटत होती. मी सगळं तिला सांगितलं, आपण किती डोकं लावलं तेही सांगितलं. ती पोळी उलटत म्हणाली, ‘अक्कांचे डोळे गेलेत. कान शाबूत आहेत त्यांचे.’ नाचता येईना अंगण वाकडं, असंही पुढं काहीतरी म्हणाली, ते मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मला सुट्टी. आणि त्या दिवशी मी एक गोष्ट केली ती आजवर मी घराबाहेर कुणाला सांगितलेली नाही. दुपारी अक्का आडवी झाली होती. मी बाहेरच्या कट्ट्यावर गेलो आणि पत्रावरच्या नंबरावर केंद्राला फोन लावला. वाळिंबे बाई म्हणून तिथल्या प्रमुख, त्यांनीच उचलला. मी म्हटलं, शशिकला डुबल यांचा भाऊ बोलतोय, त्यांची तयारी काही होत नाही, मशीन साथ देत नाही, तेव्हा पाठासाठी त्यांना धरू नका.

‘हे त्यांनी तुम्हाला सांगायला सांगितलंय?’ बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, नाही, पण मी भाऊच आहे त्यांचा.

‘असू दे की. त्यांचं त्या सांगतील,’ बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मला राग आला. आपण घरचे असून परक्या बाईनं आपल्याला असं बोलावं. पण खोल आत दुसरंच काहीतरी होतं. कोल्हापूर, हॉस्टेलची खोली, जिने, रस्त्यावरची वाहनं, आणि त्यात आमची अक्का एकटी, आता तीन महिने नव्हे, कायमची. फोन करताना मला भीती वाटत होती, आणि मी तिला काळजी म्हणत होतो. कॉम्प्युटर मुका राहिला तर अक्का घरीच राहणार होती. हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा बोललो नाही.

पुढचा आठवडा घर एकदम शांत होतं. अक्कानं कॉम्प्युटरचं नाव काढलं नाही. संध्याकाळी माझ्याशी गप्पा मारायची, पाइपलाइनची चौकशी करायची. मला वाटलं, तिनं मनावर दगड ठेवला. एकदा हॉलमधल्या माझ्या मॉनिटरची केबल सैल सापडली. एकदा मॉनिटरचं तोंडच भिंतीकडं होतं. मी रोहिणीला म्हटलं, उंदीर झालेत. ती म्हणाली, हो, मोठे आहेत.

रविवार उजाडला. मी चहा घेऊन, सीडी घेऊन अक्काच्या खोलीत गेलो. ती इस्त्रीची साडी नेसून, केस विंचरून खुर्चीवर ताठ बसली होती. हायस्कूलात प्रॅक्टिकलच्या दिवशी बसायची तशी. मी मॉनिटर आणायला वळलो.

‘मॉनिटर नको,’ ती म्हणाली. ‘कॉटवर बस. आणि मधे बोलू नकोस.’

रोहिणी दारात येऊन उभी राहिली, हात पुसत. तिचं तोंड बघूनच मला शंका आली. हिला काहीतरी माहीत आहे.

आमच्या वेळी विज्ञानाच्या वहीत प्रत्येक प्रयोग पाच भागांत लिहायचा असे. अक्कानं तसंच सुरू केलं. ‘उद्देश,’ ती म्हणाली. ‘कॉम्प्युटर केव्हा बोलतो आणि केव्हा बोलत नाही ते शोधणे. साहित्य. कॉम्प्युटर, की-बोर्ड, स्पीकर, मॉनिटर, पंख्याची पिन, आणि दिगंबर.’

‘मी?’

‘तू. तू घरात असलास की तो बोलत नव्हता. मग कारणांत तुला नको धरायला?’

मग तिनं कृती सांगितली. सोमवार ते शनिवार, मी साडेनऊला बाहेर पडलो की रोहिणी अकरापर्यंत तिच्या हाताखाली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं, हा तिचा नियम. सोमवारी पंख्याची पिन दुसऱ्या बोर्डात. मंगळवारी स्पीकरची जागा बदलली. बुधवारी की-बोर्ड दुसरा, शेजारून मागून आणलेला. काही फरक नाही, तो आपला बोलतोय. मला वगळायचं म्हणून गुरुवारी तिनं, मी घरी जेवायला आलो तेव्हा, दार लावून हळू आवाजात चालवून बघितला. मी हॉलमध्ये वरण-भात खात होतो आणि आत तो बोलत होता. दिगंबर निर्दोष, असं तिनं सांगितलं, आणि रोहिणी फिसकन हसली. शुक्रवारी दोघींनी हॉलमधून मॉनिटर आणला.

‘निरीक्षण,’ अक्का म्हणाली. ‘रोहिणी, दाखव.’

रोहिणीनं कॉम्प्युटर चालू केला. थोडा वेळ गेला आणि तो डब्यातला आवाज आला. अक्कानं दोन-चार बटणं दाबली. तो तिचं ते गुरुवारचं पत्र वाचायला लागला, सगळंच्या सगळं, जे मला सापडलं नव्हतं. तो अर्ध्या वाक्यात असताना रोहिणीनं मॉनिटर आणून केबल खोचली. पडदा उजळला, आवाज बंद. केबल काढली. अक्कानं बटण दाबलं, आवाज सुरू. पुन्हा खोचली, बंद. शनिवारी दोघींनी हे अकरा वेळा केलं होतं. अकराही वेळा तेच.

‘अनुमान तू सांग,’ अक्का म्हणाली. ‘मला केबलच्या आतलं माहीत नाही.’

मला माहीत होतं. म्हणजे असायला हवं होतं. त्या नव्या जातीच्या केबलमधून चित्रही जातं आणि आवाजही जातो. मॉनिटर जोडला की लिनक्सला वाटायचं, आता आवाज तिकडं पाठवावा. आणि आमच्या मॉनिटरला स्पीकरच नव्हते. म्हणजे इतके दिवस तो बोलत होता, पण कुणालाच ऐकू येणार नाही अशा ठिकाणी. मी बिघाड बघायला म्हणून केबल जोडत होतो आणि जोडली की बिघाड होत होता. मी बघायचं थांबवलं असतं तर पहिल्याच दिवशी सुटलं असतं.

हे सगळं मी सांगितलं. सांगताना माझा आवाज बारीक होत गेला. शेवटी म्हटलं, ‘अक्का, चुकलं माझं. तुला भास म्हणालो.’

‘म्हणालास खरा,’ ती म्हणाली. ‘पाच वर्षं मला सगळेच म्हणतात. भाजी खारट झाली म्हटलं तरी म्हणतात, तुम्हाला तसं वाटतंय. बाहेरचे म्हणाले तर चालतं.’

रोहिणी आत निघून गेली. मी सीडी खिशात घातली. काहीतरी भरपाई करावी म्हणून म्हटलं की हे कायमचं मिटवून टाकतो, एक सेटिंग बदललं की मॉनिटर जोडला तरी आवाज स्पीकरमधूनच येईल, तीन मिनिटांचं काम.

‘नको,’ अक्का म्हणाली. ‘राहू दे तसाच.’

का, म्हणून विचारलं तर सांगेना. वर म्हणाली, बुधवारी पाठाला आपलाच कॉम्प्युटर न्यायचा. मी कपाळाला हात लावला. केंद्रात वीस कॉम्प्युटर असताना हा डबा एसटीतून कोल्हापूरला कशाला. पण वाद घालायला तोंड उरलं नव्हतं. बुधवारी सकाळी सीपीयू चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला, तिच्या सांगण्यावरून मॉनिटर आणि बाकीचं पिशवीतून पायाशी ठेवलं आणि दोघं कोल्हापूरच्या गाडीत बसलो. कंडक्टरनं विचारलं, काय आहे. अक्का म्हणाली, प्रयोगाचं साहित्य.

केंद्रात वाळिंबे बाई दारातच भेटल्या. त्याही पूर्ण अंध आहेत हे मला तेव्हा कळलं. मी नमस्कार म्हटलं तशी त्यांनी मान जरा कलती केली. ‘तुमचा आवाज ऐकलाय मी कुठंतरी,’ म्हणाल्या. मी डबा सावरत मागं सरलो. पण त्या विषय तिथंच सोडून अक्काचा हात धरून आत घेऊन गेल्या.

वर्ग लहानसा होता. समोर तीन विद्यार्थी. राधानगरीकडचा महादेव, वीस-बावीस वर्षांचा, नुकताच आलेला. कॉलेजात जाणारी रेश्मा. आणि एक सुतार काका, पन्नाशीचे, मशीनवर काम करताना डोळे गेलेले. मागं वाळिंबे बाई आणि दोन डोळस परीक्षक. मी कॉम्प्युटर मांडला, चालू केला, आवाज आला. मी सुटकेचा श्वास सोडला.

‘आता मॉनिटर जोड,’ अक्का म्हणाली. ‘मागं बसलेल्यांना दिसायला हवं.’

मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, अगं, मुका होईल. ती म्हणाली, जोड म्हटलं ना. मी जोडला. मुका झाला. परीक्षकांनी एकमेकांकडं बघितलं, एकानं घड्याळ बघितलं. मला वाटलं, ही आता सगळं घालवणार. माझा हात आपोआप केबलकडं गेला.

‘दिगू,’ ती म्हणाली, ‘हात लावू नकोस. बाहेर जाऊन बस.’

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. दार उघडं होतं. आतून तिचा आवाज आला, आणि तो आवाज मी पाच वर्षांत ऐकला नव्हता. डुबल बाईंचा आवाज.

‘कॉम्प्युटर मुका झालाय,’ ती म्हणाली. ‘मला दिसत नाही, तुम्हाला दिसत नाही. आजचा पाठ एवढाच. ह्याला बोलता करायचा.’

मग तिनं तिघांनाही कामाला लावलं. कारणं सांगा म्हणाली. स्पीकर बंद असेल, आवाज कमी असेल, वायर निघाली असेल, लाइट नसेल, असं एकेक येत गेलं. सुतार काका म्हणाले, कॉम्प्युटर आतून बंदच पडला असेल. तिनं त्यांचा हात डब्यावर ठेवला. पंखा फिरतोय, काका म्हणाले, जिवंत आहे. एकेक कारण हातानं तपासायचं, खोटं ठरलं तर सोडून द्यायचं, दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत. महादेवानं घाईनं दोन वायरी एकदम ओढल्या तर तिनं त्याला चांगला झापला आणि दोन्ही परत लावायला लावल्या. बाहेर बसून मलाच ते झापणं लागलं.

थोड्या वेळानं महादेव कंटाळला. म्हणाला, ‘मॅडम, त्यापेक्षा कुणीतरी डोळस माणूस बोलवू या. तो बघून सांगेल.’

मी बाकाची कड धरली.

‘बोलवा,’ अक्का म्हणाली. ‘तो येईल. मनापासून येईल, दमून आलेला असला तरी येईल. तो बघेल आणि त्याला काही दिसलं नाही तर म्हणेल, तुम्हाला भास झाला. तेव्हा रडायचं नाही. आणि त्याच्यावर रागवायचंही नाही, कारण तो खोटं बोलत नसतो. त्याला फक्त दिसतं तेवढंच खरं वाटतं. आपण आपला प्रयोग पुरा करायचा आणि मग त्याला बोलवून, बसवून, पहिल्यापासून दाखवायचा.’

मी तिथं बाकावर बसून रडलो. चाळीशीचा माणूस, ढसाढसा नाही, पण रडलोच. जाणाऱ्या-येणाऱ्या कुणाला दिसत नव्हतं म्हणून बरं.

मग रेश्माचा हात डब्यामागच्या जाड केबलपर्यंत पोचला. ही कसली, तिनं विचारलं. अक्का म्हणाली, काढून बघ. तिनं ती ओढली, बटण दाबलं, आणि तो डब्यातला आवाज वर्गात घुमला. सुतार काकांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षकांपैकी एक जण म्हणाला की आता आम्हाला पडदा दिसत नाही, तर वाळिंबे बाई म्हणाल्या, मग ऐका की.

सगळं शांत झाल्यावर महादेवानं विचारलं, ‘मॅडम, त्या डोळस माणसाचं पुढं काय झालं?’

‘बाहेर बसलाय,’ अक्का म्हणाली. ‘आज त्याचा पण पाठ होता.’

तासाभरानं वाळिंबे बाईंनी तिला सांगितलं की पुढच्या सोमवारपासून या. माझ्याकडं तोंड करून त्या एवढंच म्हणाल्या, ‘सांगितलं बघा त्यांनी.’ अक्कानं ते ऐकलं. मला वाटलं, आता विचारेल. तिनं विचारलं नाही. मग जिना उतरताना मीच सांगितलं. की मी फोन केला होता, तुला न विचारता, तुझं नाव काढून टाका म्हणून.

‘माहीत आहे,’ ती म्हणाली. ‘खिडकी उघडी होती. मी जागी होते.’

मी पायरीवरच थांबलो. म्हटलं, मग तेव्हाच का नाही बोललीस.

‘तेव्हा बोलले असते तर भांडण झालं असतं. पाठ राहिला असता.’ ती एक पायरी उतरली, हातानं कठडा चाचपत. ‘आणि तू घाबरला होतास. लहानपणी विहिरीत पोहायला शिकवलं तेव्हा असाच माझा हात सोडत नव्हतास. आता उलटं झालंय एवढंच.’

खाली हॉस्टेल होतं. तिथली एक खोली रिकामी आहे, बघून घ्या, असं बाईंनी सांगितलं होतं. अक्का दारात थांबली. आत जायच्या आधी तिनं माझा दंड धरला.

‘भिंतीला ओल आहे का, कॉट डगमगते का, नळाला पाणी आहे का, ते मी बघीन,’ ती म्हणाली. ‘रंग तेवढा तू सांग. तू सांगशील तो मी खरा धरीन.’

मी आत पाऊल टाकलं. खोली भडक पोपटी रंगाची होती, बघवत नव्हतं. मी तिला तसंच सांगितलं.